कानांची वाट मिटली तेव्हा : पंडिता रमाबाई

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका थोर मराठी व्यक्तीचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो काशीचा मणिकर्णिका घाट. मायदेशी गेलेली आमची कितीतरी कुटुंबे वडीलधाऱ्यांच्या अस्थी घेऊन त्या बाजूस जाऊन आली आहेत. त्या घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली त्याची नव्याने बांधणी केली. पेशवाई बुडाल्यावर चिमाजी अप्पांच्या आश्रयाने काशीत राहिलेल्या मोरोपंत तांब्यांनी आपल्या कन्येचे नाव मणिकर्णिका ठेवले. तीच पुढे झाशीची राणी झाली. घर सोडून दूर वस्ती करणाऱ्या मराठी माणसांची परंपरा शोधू गेल्यास काशीतील ती घराणी आपले पूर्वजच ठरतात.

मणिकर्णिका म्हणजे कानातले रत्न. विष्णूने सुदर्शनाने खोदलेल्या कुंडापाशी शंकराने आनंदाने मस्तक डोलविले आणि त्याच्या कानातील मणी तेथे गळून पडला, अशी कथा आहे. कोणी तो मणी पार्वतीचा होता असे सांगतात. त्याच स्थानी देह ठेवणाऱ्याच्या उजव्या कानात स्वतः शिव तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. ज्या वयात माणसे तेथे आणली जात, त्या वयात कान बहुधा थकलेलेच असत. तरीही हा मंत्र ऐकू येईल की नाही, अशी शंका आमच्या आजी-आजोबांना कधी शिवली नाही. सांगणाऱ्याने वाकावे, अगदी कानाशी यावे, हे त्या श्रद्धेत गृहीतच धरलेले आहे.

या कानाच्या घाटावरून आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा जन्म तेथला नव्हे आणि मृत्यूही तेथला नव्हे. परंतु जिची सारी विद्या कानांवाटे आली आणि मग जिचे कानच हळूहळू मिटत गेले, अशी दुसरी थोर मराठी स्त्री आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या धर्मांतराविषयी, शारदा सदनाच्या वादाविषयी आणि केडगावच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या बहिरेपणाचा उल्लेख मात्र बहुतेक चरित्रांत एका वाक्यात उरकला जातो. त्या एका वाक्यापाशी थोडे थांबावे, एवढाच आमचा हेतू आहे.

रमाबाईंची कथा त्यांच्या जन्माच्या पुष्कळ आधी आणि कानापासूनच सुरू होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत होते. हे शास्त्रीबोवा दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून उमटणारे शुद्ध संस्कृत श्लोक अनंतशास्त्र्यांच्या कानांवर पडले आणि आपणही आपल्या पत्नीस संस्कृत शिकवावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही. पुढे विधुर झाल्यावर यात्रेत असताना गोदाकाठी त्यांना एक गृहस्थ भेटले व त्यांनी आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. तीच लक्ष्मीबाई. शास्त्रीबोवांनी तिला शिकविले. स्त्रीस देवभाषा शिकविली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. विद्वानांच्या सभेत त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि अखेर कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात घर बांधून ते राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि मग त्यास कायमचे घर असे कधी लाभलेच नाही. देवळात वा नदीकाठी बसावे, पुराण वाचावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, हा पुराणिकाचा व्यवसाय होता. शास्त्रीबोवा वृद्ध झाल्यावर रमेचे शिक्षण आईकडे आले. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीला कुशीत घेऊन श्लोक सांगत आणि मुलगी ते म्हणून दाखवी. शाळा नव्हती, पाटी नव्हती. आईचा स्वर कानांत जाई आणि तेथून स्मरणात उतरे. या रीतीने पंधराव्या वर्षापर्यंत तिला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले, व्याकरण व कोशही आले. आपल्याकडे वेदांस श्रुती म्हणतात आणि पुष्कळ वाचलेल्या माणसास बहुश्रुत म्हणतात. त्या शब्दांचा मूळ अर्थ रमाबाईंच्या बालपणात अक्षरशः खरा होता.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. शास्त्रीबोवा गेले, काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या आणि थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. ही भावंडे पुढील चार वर्षे पायी हिंडली. पंजाबच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, मान तेवढी बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. उपासमार, थंडी, आजार यांनी त्या कोवळ्या शरीराकडून काय काय वसूल केले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. विशीतील एक मराठी मुलगी तोंडपाठ भागवत म्हणते, संस्कृतात उत्स्फूर्त उत्तरे देते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. चोवीस वर्षांच्याही न झालेल्या, कडेवर मूल असलेल्या या विधवेला पुण्याच्या सुधारक मंडळींनी आपल्याकडे बोलावून घेतले.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी या देशाला स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे ठामपणे मांडले. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे न सांगता मरणाऱ्या बायका त्यांनी देशभर पाहिल्या होत्या. मागणी करून त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांनी ठरविले. १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. त्याच सप्टेंबरात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावरून जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे.

त्याच काळात दुसरेही काही घडले आणि त्याचा गाजावाजा मात्र झाला नाही. रमाबाईंना ऐकू कमी येत होते आणि ते व्यंग वाढत होते. वैद्यकाच्या अभ्यासास या कानांनी चालणार नाही, असा निर्णय झाला. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तिचे दार उघडण्यापूर्वीच बंद झाले. डॉक्टराने रोग्याच्या छातीवर नळी लावून आतील बारीक आवाज टिपावयाचे असतात; व्याख्यानेही ऐकूनच शिकावी लागतात. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णयात चूक काढता येणार नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या त्या स्त्रीवर कोणता आघात झाला असेल, हे सांगावयास फार कल्पनाशक्ती लागत नाही. स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून आयोगापुढे आवाज उठविणाऱ्या रमाबाई स्वतः डॉक्टर होऊ शकल्या नाहीत.

येथे कानाविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. बहिरेपण म्हणजे सर्वत्र शांतता, अशी ऐकू येणाऱ्यांची समजूत असते. बहुतेकांच्या बाबतीत ती खरी नसते. आतल्या कानाची शक्ती क्षीण होऊ लागते तेव्हा प्रथम बारीक, उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर जड असतात, ते पोहोचतात. स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने मधल्यामध्ये गळतात. त्यामुळे कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे हे कळत नाही. मोठ्याने ओरडल्याने स्वर तेवढे वाढतात, हरवलेली व्यंजने परत येत नाहीत. मग गाळलेल्या जागा मन भरून काढते. ज्या भाषेत बालपण गेले तिच्यात हे काम त्यातल्या त्यात सोपे असते. आयुष्यभराची ओळख उपयोगी पडते. प्रौढपणी शिकलेल्या भाषेत ती ओळख नसते. दिवसभर तर्क करून माणूस थकतो आणि संध्याकाळी चार माणसांत बसणे नको म्हणतो.

रमाबाई इंग्लंडात नेमक्या या स्थितीत होत्या. पहाटेच्या अंधारात ऐकलेले संस्कृत आणि मराठी त्यांच्या आत भरलेले होते. भोवती मात्र इंग्रजी होती. परमुलुखात आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांना यातील यातना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याच घरात आजोबांना आजीचे मराठी बोलणे कळते आणि नातवंडांचे इंग्रजी कळत नाही, तेव्हा ते हट्टी झाले आहेत, असे आपण किती सहज म्हणून जातो!

वैद्यकाचे दार मिटल्यावर रमाबाई शिक्षणाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध महिला महाविद्यालयात डॉरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या इंग्रजी व इतर विषय शिकल्या आणि स्वतः संस्कृत शिकवू लागल्या. नव्या धर्मातील मतांविषयी त्यांचे आपल्या गुरुभगिनींशी तीव्र मतभेद झाले. त्रैक्याची कल्पना असो वा चर्चच्या अधिकाराचा प्रश्न असो, पटल्यावाचून त्यांनी काही मानले नाही. हा वाद पुष्कळसा पत्रांतून चालला. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईस ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो चाळताना आम्हांस असे वाटते की, लेखणी हा त्यांचा दुसरा कान झाला होता. बोलण्यातला शब्द हुकतो; पत्रातला शब्द समोर उभा राहतो आणि त्याला त्याच नेमकेपणाने उत्तर देता येते. अर्थात हा आमचा तर्क आहे, त्यांचे कथन नव्हे.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. रमाबाईंच्या नात्यातीलच ही तरुणी. ११ मार्च १८८६ रोजी तिने डॉक्टरची पदवी घेतली. आपल्याला जे साधले नाही ते आपल्याच मुलखातील दुसऱ्या स्त्रीने साधले, हे पाहावयास रमाबाई समुद्रापार गेल्या, यात त्यांच्या मनाचे मोठेपण दिसते. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यास क्षयाने गेल्या.

काही महिन्यांसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या. त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. या बालोद्यान पद्धतीत वस्तू हाती घेऊन, पाहून, करून शिकावयाचे असते. केवळ ऐकून शिकलेल्या बाईने डोळ्यांनी आणि हातांनी शिकण्याची ही रीत मायदेशी नेली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. गावोगाव व्याख्याने दिली. त्यांतून त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. पुराणिकाच्या या मुलीला सभेपुढे बोलण्याचा अभ्यास लहानपणापासूनचा होता. कान मंद झाले तरी वाणी मंद झाली नाही. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीचे आणि प्रवासाचे वृत्त मराठीत प्रसिद्ध केले. आपल्यापैकी जे आज त्या देशात राहतात त्यांनी हे पुस्तक अवश्य मिळवून वाचावे.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईत शारदा सदन उघडले. त्यातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्याच आनंदीबाई झाल्या आणि महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. १८९० साली सदन पुण्यास आले. तेथे मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, यावरून १८९३ साली मोठा क्षोभ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती आणि मधे ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा लहान विधवा होत्या, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

त्यानंतर रमाबाईंचे आयुष्य पुण्याजवळच्या केडगावाशी बांधले गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या. केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. लहानपणी दुष्काळाने आपले घर नेले त्याचे उत्तर त्यांनी असे दिले. तेथे विहिरी खणल्या, शेती व गोठा झाला, माग चालले. छापखाना निघाला आणि त्यात मुली स्वतः खिळे जुळवू लागल्या.

या वसाहतीत आम्हांस विशेष वाटते ते अंध मुलींच्या शाळेचे. रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि केडगावास अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलींना वेत विणणे आणि वाचणे आले. एका इंद्रियाचे काम दुसऱ्या इंद्रियाकडे सोपविता येते, ही गोष्ट ज्या घरात रोज अनुभवास येत होती, त्याच घरात ही शाळा निघाली. आपल्या देशात कर्णबधिर मुलांसाठी पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईत निघाली होती. परंतु प्रौढपणी ज्याचे ऐकणे जाते त्याच्यासाठी त्या काळी कानाला लावावयाच्या कर्ण्यापलीकडे फारसे काही नव्हते. विजेवर चालणारी श्रवणयंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी नुकतीच निघू लागली होती आणि ती अवजड होती.

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा-सतरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. अडाणी बायकांनाही समजावे असे सोपे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या. या दोन भाषा त्यांनी मुख्यतः ग्रंथांतून, डोळ्यांनी आत्मसात केल्या असाव्यात. आईच्या तोंडून संस्कृत शिकलेली मुलगी पन्नाशीत कागदावरून हिब्रू शिकते, या दोन चित्रांच्या मधे त्यांचे सारे आयुष्य सामावलेले आहे. ज्याला हे भाषांतर धर्मग्रंथ म्हणून नको असेल, त्यानेही एका मराठी स्त्रीच्या या भाषाव्यासंगापुढे नम्र व्हावे.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. संस्थेचा आणि आईचाही तो मोठा आधार होता. एकेक करून आई, वडील, बहीण, भाऊ, पती, अशी सारी माणसे रमाबाईंनी आधीच गमावली होती; आता एकुलती एक मुलगीही गेली. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी संपविले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

बहिरेपणामुळे रमाबाई मोठ्या झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. व्यंगाला वरदान म्हणणे हे बहुधा ज्याला ते व्यंग नाही त्याचेच काम असते. त्यांनी एक विद्या गमावली, ती कायमची. आणि किती संभाषणे, किती स्वर, लेकीचे किती शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचले नसतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आम्ही एवढेच म्हणू की, एक वाट मिटल्यावर त्यांनी दुसरी पाहिली आणि तीही मिटू लागली तर हाताने खणली.

आज काळ बदलला आहे. कानाची तपासणी थोड्या वेळात होते. श्रवणयंत्र नखाएवढे झाले आहे. जन्मतः बहिऱ्या बालकाच्या आतल्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसविता येते. १९८३ पासून मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात काम करीत आहे. तरीही चष्मा मिरविणारा माणूस कानातले यंत्र लपवितो आणि बहिऱ्याच्या गोष्टींवर आपण अजूनही खोखो हसतो. आपल्या गणेशोत्सवात, नाटकाच्या प्रयोगात, मागच्या रांगेत गप्प बसणारे आणि एके वर्षी येईनासे होणारे ज्येष्ठ सभासद आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना कंटाळा आला, असे आपण समजलो. त्यांना ऐकू येत नव्हते.

पन्नास वर्षे मराठी बोलता यावे म्हणून आपण हे मंडळ चालविले. आता ते ऐकता यावे म्हणूनही थोडे करावयास हवे. समोर बसावे, चेहरा उजेडात ठेवावा, एका वेळी एकानेच बोलावे, ओरडू नये, सावकाश बोलावे आणि नाहीच कळले तर न चिडता लिहून दाखवावे. कानातले रत्न जेथे गळून पडले त्या घाटावर साक्षात विश्वेश्वरही मरणाऱ्याच्या कानाशी वाकतो, असे आपण मानतो. आपल्या घरातील जिवंत माणसाच्या कानाशी वाकणे आपल्याला अवघड वाटू नये.